कान आणि स्कॅनर: उभ्या राहिलेल्या गाडीवर दोन पिढ्यांनी मिळून काम कसं करायचं

लातूर असो की जालना, गाड्यांचं वेड असलेली चार माणसं एका बोनेटभोवती जमली की दोन गट लगेच दिसतात. साठीतले काका, चाचा, उस्ताद मान तिरकी करून आधी इंजिनचा आवाज ऐकतात. विशीतली पोरं डॅशबोर्डखाली हात घालून स्कॅनर लावतात आणि मोबाइलकडे बघतात. 2001 साली छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला. 2010 च्या ऑक्टोबरात छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) एकाच वेळी दीडशेच्या घरात मर्सिडीज विकत घेतल्या गेल्या. या काळात वाढलेल्या पोरांनी कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडलेला पाहिलेलाच नाही, यात त्यांचा दोष काही नाही. पण आवाजावरून मिसिंगचं (नीट न पेटणारं) सिलिंडर ओळखणारी माणसं आता गॅरेजचं शटर कायमचं ओढायला लागली आहेत, आणि त्यांना येतं त्यातलं बरंचसं कुठे लिहिलेलं नाही.

ते पुढे द्यायची चांगली रीत एकच: एक गाडी घ्यायची आणि चार-पाच रविवार तिच्यावर दोघांनी मिळून काम करायचं. कसं, ते पुढे दिलं आहे.

गाडी कोणती

कार्ब्युरेटरची मारुती 800. डिसेंबर 1983 ला आलेली ही गाडी जानेवारी 2014 पर्यंत बनत होती. 2000 च्या सुमाराला तिला एमपीएफआय इंजिन (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं, म्हणजे इंजेक्शनचं) मिळालं, म्हणून त्याआधीची घ्या. 796 सीसी, तीन सिलिंडर, सगळं हाताला येतं, आणि वाड्यात, गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी असलेली एखादी प्रत्येक गावात सापडते. सुटे भाग अजून मिळतात. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर शिकायला तितकीच चांगली, पण भाग शोधण्यातच रविवार जातात आणि पोरांचा उत्साह मावळतो.

शिकायची सुरुवात इंजेक्शनच्या गाडीवर करू नका. तिचा कॉम्प्युटर चूक झाकून घेतो. कुठे हवा ओढली जात असेल तर तो पेट्रोल वाढवून देतो आणि इंजिन बरंच चालत राहतं. कार्ब्युरेटर काहीच झाकत नाही. स्क्रू पाव फेरा फिरवला की फरक कानाला कळतो.

माणसं कशी बसवायची

गाडीजवळ तीनच माणसं हवीत, बाकीच्यांनी लांबून बघायचं. पाना तरुणाच्या हातात. जाणते काका स्टुलावर बसतील, फक्त बोलतील. तिसरा वही लिहील.

काकांनी पाना हातात घ्यायचा नाही, हा नियम मोडू देऊ नका. चाळीस वर्षं सवयीचा हात आपोआप चालतो, आणि हात चालत असला की तोंडातून बारकावे निघत नाहीत. नट शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात किती दाबायचा, गॅसकेटला डिंक लावायचा की नाही, ओला प्लग उन्हात ठेवायचा की पुसायचा, हे त्यांना विचारलं तर सांगता येत नाही. दुसऱ्याचा हात चुकताना दिसला की मात्र लगेच सांगतात: "अरे, एवढं आवळू नको, आटे जातील." तिसऱ्याने वहीत लिहायचं ते हेच वाक्य, जसंच्या तसं.

वही शंभर पानी, लिहायला पेन्सिल. तेलकट कागदावर पेन चालत नाही. पहिलं पान शब्दांसाठी राखा. उस्ताद 'डेल्को' म्हणतात तेव्हा पोरगा मोबाइलवर शोधून दमतो. तो डिस्ट्रिब्युटर असतो, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग. सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, डायनामा म्हणजे आजचा अल्टरनेटर, मोबिल म्हणजे इंजिन ऑइल, शॉकप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. डावीकडे गॅरेजचा शब्द, उजवीकडे मॅन्युअलमधला. दोन रविवारांत पान भरतं आणि त्यानंतर पोरगा मोंढ्यातल्या स्पेअरच्या दुकानात न अडखळता बोलतो.

सामान: 8 ते 17 चे पाने, प्लग पाना, फिलर गेज, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, जॅक आणि दोन स्टँड. लागणारे भाग: तीन प्लग, पॉइंट-कंडेन्सर (डेल्कोतली, ठिणगी पाडणारी जोडी), रोटर आणि डेल्कोची कॅप, पेट्रोल फिल्टर, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, दोन मीटर पेट्रोल होज आणि आठ क्लिपा, टायमिंग बेल्ट, कार्ब्युरेटरचं किट, कार्ब्युरेटर क्लीनरचे दोन कॅन, 20डब्ल्यू-40 ऑइलचे दोन डबे (तेल दोनदा बदलायचं आहे), ब्रेक फ्लुइड, कूलंट, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर.

पहिला रविवार: चावी खिशात

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीवर सर्वांत मोठं नुकसान पहिल्या दहा मिनिटांत होतं. कोणीतरी नवी बॅटरी आणतं आणि सेल्फ मारतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या, रिंगा गंजून चिकटलेल्या, त्यावर सेल्फचा झटका. रिंग तुटली की पुढचा सगळा खर्च इंजिन खोलण्याचा. म्हणून पहिल्या रविवारी बॅटरी जोडायचीच नाही.

आधी उंदीर. एअर फिल्टरचा डबा उघडा, सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा, सीटखाली आणि फ्यूज बॉक्सजवळ बघा. कडब्याशेजारी उभ्या गाडीत सोयाबीनची टरफलं आणि कुरतडलेली वायर हमखास मिळते. सायलेन्सरमध्ये कुंभारणीचं मातीचं घरही सापडतं. कुरतडलेल्या वायरला नुसती टेप गुंडाळू नका, उन्हाळ्यात गोंद वितळतो आणि टेप सुटते. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा.

मग तीनही प्लग काढा. काढण्याआधी वायरींवर 1, 2, 3 अशा चिठ्ठ्या लावा, कारण फायरिंग ऑर्डर 1-3-2 आहे आणि अदलाबदल झाली की पुढचा तास बॅकफायर ऐकण्यात जातो. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण 5 मिली, इंजिन ऑइल सोडा. प्लगच्या भोकांवर स्वच्छ फडकं टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरला टाकून सपाट जागेवर हाताने हळू पुढे ढकला. प्लग काढलेले असल्यामुळे इंजिन मोकळं असेल तर बोनेटखाली फुसफुस ऐकू येते. गाडी अडून बसली तर जोर लावू नका, आणखी तेल सोडून दोन दिवस थांबा.

टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. ते उघड्यावर काढा, लोखंडी डब्यात काढा, आसपास बिडी आणि फोन नको. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. तो वास पोरांना मुद्दाम घेऊ द्या, एकदा नाकात बसला की पुढे कुठल्याही गाडीच्या टाकीचं झाकण उघडल्यावर ओळखू येतो. तळाशी तांबूस गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. हे काम टाळलं तर कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी चार दिवसांत त्यातला जेट (पेट्रोलच्या बारीक भोकाचा तुकडा) पुन्हा भरतो.

डिपस्टिक बघा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, आणि हेड गॅसकेटचा संशय धरा. नुसतं काळं असेल तर बदला, फिल्टरसकट. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कोणाला आठवत नसेल तर तो बदलायचाच. दिसायला चांगला असला तरी रबर वयाने मरतं.

दुसरा रविवार: ठिणगी आणि पेट्रोल

आता बॅटरी. उभ्या स्थितीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या खराब आहेत. बहुतेक वेळा अर्थिंगची तार बॉडीला जिथे बसते तिथला गंजच कारण निघतो. पॉलिश पेपरने चकचकीत करून पुन्हा बसवा.

स्टार्ट करण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. तीनही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला सेल्फच्या पाच-सहा फेऱ्या. आकडा किती आला यापेक्षा तिघांत फरक किती हे महत्त्वाचं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. काकांना हे गेज न बघताही सेल्फच्या आवाजावरून कळतं. एक सिलिंडर कमी असेल तर सेल्फची लय लंगडते. आधी काकांना ऐकवा, त्यांचा अंदाज वहीत लिहा, मगच गेज लावा. अंदाज आणि आकडा शेजारी शेजारी असला की पोराला कळतं त्या लंगड्या लयीचा अर्थ काय. शिकवण्याची खरी जागा ही आहे, इथे घाई करू नका.

पॉइंटचा गॅप 0.4 ते 0.5 मिमी, प्लगचा 0.7 ते 0.8 मिमी. पॉइंट घासून पुसायचा, तेलकट बोट लावायचं नाही, नंतर स्वच्छ कोरा कागद मधून ओढायचा. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसत असेल तर कंडेन्सर गेला आहे. नंतरच्या काही गाड्यांत पॉइंट नसून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. तिथे हे काम वाचतं.

कार्ब्युरेटर काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. व्हॅक्यूमच्या नळ्या कुठे जातात हे आठवणीवर सोडू नका. फ्लोट, नीडल, जेट सुटे करून क्लीनर मारा, मग कंप्रेसरची हवा. जेटमध्ये तार घालायची नाही. जुने हात इथे हमखास चुकतात. पूर्वी स्प्रे मिळत नव्हता, तांब्याची तार हाच उपाय होता आणि कामही भागायचं. पण जेट पितळेचा असतो. तारेने भोक केसभर मोठं झालं की गाडी कायमची जास्त पिते आणि अ‍ॅव्हरेज का पडलं हे कोणाला कळत नाही.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी होज बदला, चांगल्या दिसत असल्या तरी. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतं. ऐंशी-नव्वदच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, आतून सुटतं आणि काळे कण फिल्टरमध्ये येतात. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा नवा घाला, आणि फ्लोटच्या नीडलचं टोक किटमधून बदला. होज घेताना इथेनॉलला चालणारीच मागा. साधी स्वस्त नळी वर्षभरात चिरते आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकतं.

तिसरा रविवार: सूर लावणं

इंजिन सुरू झालं, गरम झालं, चोक पूर्ण आत. आता एक गोष्ट पोरांना आधीच सांगा: तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला थोडं हलतंच. चार सिलिंडरची सवय असलेला पोरगा तो थरथराट बिघाड समजून उगाच प्लग बदलत बसतो.

आयडल 900 च्या आसपास ठेवा. मिक्स्चरचा स्क्रू हळू आत घ्या, इंजिन अडखळायला लागेल. मग बाहेर घ्या, आवाज भरत जाईल आणि पुढे पुन्हा जड होईल. या दोन टोकांच्या मध्ये जिथे आवाज सर्वांत मोकळा आहे ती जागा. काका डोळे मिटून ही जागा धरतात. पोराने व्हॅक्यूम गेज लावून काटा सर्वांत वर आणि सर्वांत स्थिर कुठे होतो ते बघायचं. दोन्ही जागा जवळजवळ एकच निघतात, आणि ते पाहून दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसतो.

इथे आकड्यांची एक फसगत होते. व्हॅक्यूमचे मोबाइलवर वाचलेले 18 ते 21 इंच (पाऱ्याचे) हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत. मराठवाड्याचा बराच भाग 400 ते 600 मीटर उंचीवर आहे, आणि दर 300 मीटरला साधारण एक इंच कमी होतो. म्हणजे छत्रपती संभाजीनगरात सोळा-सतरा इंच दाखवणारं इंजिन निरोगी असू शकतं. हे माहीत नसलं की पोरगा नसलेली गळती शोधत बसतो.

काकांच्या आकड्यांचीही अशीच गोष्ट. "स्क्रू दीड फेरा सोड, बस झालं," हा त्यांचा आकडा निव्वळ पेट्रोलच्या काळातला. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून 20 टक्के मिश्रणावर त्याच जेटची गाडी सात-आठ टक्के पातळ चालते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून स्वतःच सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. स्क्रू थोडा जास्त बाहेर येईल, आणि त्याने फक्त आयडल सुधारेल. वरच्या वेगावर गाडी अडखळत असेल, प्लगचं टोक पांढरं पडत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा. प्लग चहाच्या रंगाचा तपकिरी हवा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील.

मिसिंगचं सिलिंडर शोधायची जुनी रीत या गाडीवर जरूर शिकवा: इंजिन चालू, रबरी मुठीच्या पक्कडीने एकेक प्लगची वायर काढायची आणि तिचं टोक बॉडीला टेकवून धरायचं. ज्याची काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही ते सिलिंडर मेलेलं.

जी सवय नव्या गाडीत चालणार नाही

वरची वायर काढायची रीत इंजेक्शनच्या गाडीवर करू नका. मोकळ्या वायरीमुळे कॉइल आणि कॉम्प्युटर दोन्ही धोक्यात येतात, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापून वितळतो. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. आवाज ऐकायची विद्या तीच आहे, काढायची वस्तू वेगळी.

चालू गाडीत बॅटरीची तार काढून डायनामा चार्ज करतो का हे बघणं ही दुसरी सवय. जुन्या गाडीत ती खपून गेली. अल्टरनेटर आणि कॉम्प्युटर असलेल्या गाडीत तार काढल्याबरोबर व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे तो कॉम्प्युटर, मरू शकतो. मल्टिमीटर लावा, 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. पत्र्याचं वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा, हे डेंटरला सुद्धा सांगा.

सर्वांत धोक्याची सवय डिझेलची. जुन्या जीपमध्ये इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करायचा आणि कोणतं सिलिंडर मेलं आहे ते ओळखायचं, हे ट्रॅक्टरच्या मिस्त्रीपासून सगळे करतात. कॉमन रेलच्या डिझेल गाडीत त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. सुटलेली धार कातडी चिरून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत डिझेल पसरलेलं असतं, आणि लगेच दवाखाना गाठला नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. जुन्या जीपचं काम करताना हे वाक्य वहीत लाल पेन्सिलीने लिहा.

विजेच्या गाडीत नारिंगी रंगाची केबल दिसली की दोन्ही पिढ्यांनी हात मागे घ्यायचा. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि ते काम शिकलेल्या माणसाचं.

पोरांनी स्कॅनर कसा वापरायचा

ब्ल्यूटूथवाला स्वस्त स्कॅनर साधारण 2013 नंतरच्या गाड्यांवर नीट बोलतो. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत तो जोडलाच जात नाही, म्हणून गाडी बिघडली असा निष्कर्ष काढू नका.

कोड म्हणजे तक्रार. कुठला भाग बदलायचा हे त्यात लिहिलेलं नसतं. पी0171 आला, मिश्रण पातळ आहे, म्हणून पोरगा ऑक्सिजन सेन्सर मागवतो आणि हजारो रुपये जातात. सेन्सर बिचारा खरं सांगत असतो. फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. आयडलला अधिक वीस आणि 2500 आरपीएमला जवळजवळ शून्य, म्हणजे कुठेतरी हवा ओढली जाते. उलट असेल, म्हणजे आयडलला ठीक आणि वेगावर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पोचतंय: फिल्टर किंवा पंप. पहिल्या प्रकारात काकांना बोलवा. मॅनिफोल्डजवळ एक होज कानाला आणि दुसरं टोक फिरवत नेलं की चिरलेल्या नळीची सी-सी त्यांना मिनिटभरात सापडते. स्कॅनर शोधायचा टापू लहान करतो, कान नेमकी जागा दाखवतो.

कोड वहीत लिहिल्याशिवाय पुसायचा नाही. पुसला की त्याच्याबरोबरची माहितीही जाते.

पाणी आणि मे महिना

आपल्याकडची बरीच इंजिनं बोअरच्या पाण्याने मरतात. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, चहाच्या जुन्या पातेल्यात बसतात तसेच पांढरे. रेडिएटर बाहेर काढून, उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा आणि नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरा. इथे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंज थांबवतं आणि उकळण्याचा बिंदू वर नेतं.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा सल्ला बहुतेक गॅरेजात मिळतो. तो मानू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडच राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, तेलात गाळ होतो, आणि रेडिएटर चोंदला आहे हे मूळ दुखणं लपून राहतं. पोरांसमोर हा प्रयोग करा: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला बांधलेला थर्मोस्टॅट आणि एक थर्मामीटर, खाली गॅस. ऐंशीच्या आसपास तो हळूच तोंड उघडतो, पाणी निवलं की मिटतो. जो उघडत नाही तो बदलायचा. एवढं बघितलेला पोरगा पुन्हा कधी थर्मोस्टॅट फेकणार नाही.

मे महिन्यात 42 अंशाला सिग्नलवर गाडी बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर दोन संशय. पेट्रोलची लाइन तापून वाफ धरली, किंवा कॉइल-कंडेन्सर तापून ठिणगी गेली. ठिणगी बघा. असेल तर पंपावर आणि होजवर ओलं फडकं टाका. पाच मिनिटांत सुरू झाली की वाफच होती. हा उस्तादांचा जुना इलाज खरा आहे, पाणी उडताना उष्णता ओढून नेतं. कायमचं करायचं असेल तर होज सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब वळवा आणि तिच्यावर उष्णतारोधक नळी चढवा.

कागद

गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील नाहीत, असं फार ठिकाणी असतं. मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. मुदत गेली असेल तरी अर्ज करा, उशिराचा भुर्दंड भरावा लागेल, पण पुढचं कुठलंही काम त्याशिवाय हलत नाही.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून, गाडी प्रत्यक्ष तपासून घेऊन नूतनीकरण. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही आहे. शुल्क गाडीच्या वयाप्रमाणे वाढतं आणि वरचेवर बदलतं, म्हणून परिवहनच्या पोर्टलवर बघूनच निघा. एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी लागते. 50 वर्षांपुढची मूळ अवस्थेतली गाडी असेल तर 2021 पासून व्हिंटेज नोंदणी वेगळी आहे, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण ती रोज चालवता येत नाही. पोरांना रुंद टायर, मोठा सायलेन्सर हवा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत बदल चालत नाही, तपासणीत गाडी तिथेच अडते.

पहिली फेरी

त्याआधी ब्रेक. उभ्या गाडीत व्हील सिलिंडर जाम झालेले असतात. रबरं बदला, जुनं फ्लुइड पूर्ण काढा, हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 3218 म्हणजे 2018 सालचा 32 वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही शाबूत असो, तापलेल्या डांबरावर भरवशाचा नाही.

विमा आणि पीयूसी हातात आल्यावर वीस किलोमीटर, सपाट रस्ता, सकाळची वेळ, घाट नको. चालवणार पोरगा, शेजारी काका. पाच-पाच किलोमीटरला थांबून पाण्याची पातळी बघा आणि चाकाच्या मध्यावर हात लावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक चिकटतोय. परतल्यावर चाकांचे नट आणि होजच्या क्लिपा पुन्हा आवळा. 500 किलोमीटरला तेल दुसऱ्यांदा बदला, आत सुटलेला सगळा गाळ त्यात येतो.

रात्री गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर काळा थेंब असेल तर इंजिनचं तेल, हिरवा असेल तर कूलंट, चाकाच्या आत रंगहीन आणि निसरडा असेल तर ब्रेक फ्लुइड. पेट्रोलचा थेंब उडून जातो, त्याची फक्त कड उरते आणि वास येतो. पुठ्ठ्यावर तारीख, किलोमीटर आणि गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते लिहा, आणि त्याचा फोटो वहीत चिकटवा.